पेन्शन आलेल्या फौजी भावाला डॉक्टरकडे न्यायचं कसं? आणि नेमकं कुठे?

धाकटा_माणदेशी (गुरुवार, रात्री ११:४०)

इथे नेहमी नुसता वाचतो, पहिल्यांदाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

माझा मोठा भाऊ सतरा वर्षं नोकरी करून पेन्शन आला, त्याला आता सव्वादोन वर्षं झाली. वय ३८. रँक नायक, पण आमच्याकडे शिपाई असो की सुभेदार, गाव त्याला मेजरच म्हणतं. दोनदा राष्ट्रीय रायफल्समध्ये होता, एकदा कुपवाडा, एकदा पुलवामा. पुढची नोकरी सोडून स्वतःहून कागद टाकला. आम्हाला वाटलं बरं झालं, लवकर आला, शेत बघेल.

झोप नाही. रात्रीतून पाच-सहा वेळा उठून गेटची कडी बघतो, बॅटरी घेऊन गोठ्याला फेरी मारतो. हॉटेलात भिंतीला पाठ लागेल अशीच खुर्ची धरतो. मागच्या लग्नसराईत वरातीचे फटाके सुरू झाले आणि हा गायब. तासाभराने ज्वारीत बांधाच्या आडोशाला उकिडवा बसलेला सापडला. चाकणला सिक्युरिटीची नोकरी लागली होती, पाच महिन्यांत सोडली. कॅन्टीनचा दारूचा कोटा पूर्वी पाव्हण्यांना पुरायचा, आता घरातच संपतो.

आणि गेल्या महिन्यात वहिनीच्या हातून स्वयंपाकघरात पितळी हंडा पडला. दादाने समोर अभ्यास करणाऱ्या पोरीला ओढून जमिनीवर पाडलं आणि स्वतः तिच्यावर आडवा झाला. नऊ वर्षांची आहे. कोपर खरचटलं. दुसऱ्या दिवशी तिने शाळेत बाईंना सांगितलं, सायकलवरून पडले. तिला असं सांग म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. दादा त्या रात्री घरात आलाच नाही, ओट्यावर बसून राहिला.

आई म्हणते बाहेरचं आहे. दोन नारळ उतरवून झाले, शिंगणापूरला जाऊन आलो. मी डॉक्टरचं नाव काढलं तर म्हणाला, "मी काय येडा हाय का? येरवड्याला धाडतोस का मला?" त्याच्याकडे ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड आहे, पण त्यात हे बसतं का? पेन्शनवर काही परिणाम होतो का? आणि गावात बोभाटा न होता कुणाकडे जायचं?

---

चिंगीची_आई (गुरुवार, रात्री ११:५८)

वाचून पोटात कालवलं. बाकी जाणकार सांगतीलच, माझा एकच प्रश्न: त्या मुलीशी कुणी बोललंय का? ती बाबांना सांभाळून घेतेय. नऊ वर्षांच्या पोरीने ते करायचं नसतं.

---

तिरसट_तात्या (शुक्रवार, सकाळी ६:१२)

धागाकर्त्याविषयी सहानुभूती आहे, पण एक विचारू का? झोप शेतकऱ्यालाही नाही. त्याला ना पेन्शन, ना कॅन्टीन, ना कार्ड. हल्ली प्रत्येक गोष्टीला इंग्रजी आजाराचं नाव द्यायची फॅशन आली आहे. आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर ६५ च्या लढाईत गोळ्या लागून कमरेखाली लुळे झाले, तरी ७२ साली हायडेलबर्गला पॅरालिंपिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले. माणसाला कामाला लावा, म्हशी वाढवा, आपोआप झोप लागेल.

---

खडकीकर (शुक्रवार, सकाळी ८:०५)

तात्या, उदाहरण उत्तम निवडलंत, पण ते तुमच्याच विरोधात जातं. पेटकर एकटे जिद्दीवर पाण्यात उतरले नाहीत. नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले आणि पोहणं हा त्या उपचाराचाच भाग होता. म्हणजे डॉक्टर होता, फिजिओ होता, आसपास तशीच माणसं होती. मी खडकीत वाढलो. पॅराप्लेजिक सेंटरमधले जवान व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळायचे, आम्ही पोरं बघायला जायचो. त्यांना कुणी "कामाला लागा" म्हणत नव्हतं, कारण खुर्ची दिसायची. याच्या भावाची खुर्ची दिसत नाही, एवढाच फरक.

---

पावशेर (शुक्रवार, सकाळी ९:२०)

खडकीकर +१

तात्यांना म्हशीवर एवढा विश्वास आहे तर स्वतःच्या तिरसटपणावर हा प्रयोग झालाय का? (कृ.ह.घ्या.)

---

उंबरठा (शुक्रवार, दुपारी २:३४)

मी फौजीची बायको आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्याकडे हे सात वर्षं चाललं. ह्यांची ती फेरी, गेटची कडी, भिंतीला पाठ, सगळं ओळखीचं आहे. नोकरीत असताना कुणी डॉक्टरला का सांगत नाही, ते आधी समजून घ्या. फौजेत दरवर्षी मेडिकल होतं, त्याला शेप म्हणतात. त्यातला पहिला 'एस' मनाचा. शेप-वन असेल तर सगळं सुरळीत. 'एस' खाली गेला की हत्यार काढून घेतात, प्रमोशन अडतं, आणि मुख्य म्हणजे पलटणीत चार माणसं वेगळं बघायला लागतात. मग माणूस सतरा-अठरा वर्षं "सब ठीक है साहब" म्हणायला शिकतो. घरी आल्यावर बायकोलाही तेच सांगतो. ती सवय आहे, खोटेपणा नाही. तुमची पुतणी "सायकलवरून पडले" म्हणाली ना, ते त्याच घराण्यातलं.

आता जे कुणी विचारलं नाही ते मी विचारते. भाऊ, घरात बंदूक आहे का? सिक्युरिटीच्या नोकरीसाठी बरेच जण बारा बोअरचं लायसन काढतात. असेल तर ती आधी घराबाहेर काढा. डॉक्टर, कार्ड, सगळं नंतर. आमच्याकडे निवडणुकीच्या वेळी पोलीस ठाण्यात जमा केली होती. निवडणूक संपल्यावर आणायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, राहू द्या तिथेच, आपल्याला घासूनपुसून ठेवायचा व्याप कमी. ते काही बोलले नाहीत. पण आणायलाही गेले नाहीत. त्यांनाही तेच हवं होतं असं मला आजही वाटतं.

---

धाकटा_माणदेशी (शुक्रवार, दुपारी ३:१०)

ताई, आहे. डबल बार. कपाटात असते आणि किल्ली त्याच्याच करगोट्याला. तुमचं वाचल्यापासून हात थरथरतोय. आज घरी जातो.

---

पट्टीबंधू (शुक्रवार, रात्री ८:४५)

मी आर्मी मेडिकल कोअरमधून नर्सिंग असिस्टंट म्हणून निवृत्त झालो, तेव्हा ही बाजू माझी.

पेन्शनची भीती सोडा. सर्व्हिस पेन्शन मिळवलेली आहे, मनाच्या आजारावर उपचार घेतले म्हणून ती कुणी थांबवत नाही. 'एस'चा बागुलबुवाही डिस्चार्जच्या दिवशीच संपला.

ईसीएचएस २००३ च्या एप्रिलपासून आहे आणि मनाचे आजार त्यात बसतात. वाट अशी आहे: कार्ड घेऊन आपल्या पॉलीक्लिनिकला जायचं, तिथला मेडिकल ऑफिसर तपासतो, रेफरल देतो, मग मिलिटरी हॉस्पिटल नाहीतर पॅनेलवरचं खासगी रुग्णालय. बहुतेक पॉलीक्लिनिकमध्ये मानसोपचारतज्ज्ञ बसत नाही, तेव्हा पहिल्या दिवशी सगळं उरकेल ही आशा नको. गोळ्या चालू झाल्या की पॉलीक्लिनिकमधून मिळतात. एखादी नसली तर तसं लिहून देतात, मग खेटा पडतो. डिस्चार्ज बुक आणि जुने मेडिकल कागद सोबत ठेवा. नोकरीत असताना झोपेची, डोकेदुखीची तक्रार कुठे नोंदलेली असेल तर पुढे डिसॅबिलिटीच्या दाव्याला तोच धागा लागतो, कारण तिथे सगळा वाद आजार नोकरीमुळे झाला की घरून आणलेला यावरच होतो.

आता युक्ती. "मानसोपचार" हा शब्दच काढू नका. बीपी तपासायला चल म्हणा. चाळिशीकडे झुकलेला, दारू पिणारा, न झोपणारा माणूस, बीपी वर असणारच. एकदा खुर्चीवर बसला की ऑफिसरला चिठ्ठी द्या.

---

मनकवडा (शुक्रवार, रात्री १०:३०)

व्यवसायाने मानसोपचारतज्ज्ञ. पट्टीबंधूंशी निम्मा सहमत. झोपेची तक्रार घेऊन जाणं ही युक्ती नाहीच, ती खरी तक्रार आहे, तिच्यापासून सुरुवात करणं अगदी योग्य. पण चिठ्ठी सरकवणं नको. ज्या माणसाचं सगळं शरीर "माझ्या पाठीमागे काय चाललंय" या एका प्रश्नावर ताणलेलं आहे, त्याच्या पाठीमागे काही करू नका. कळलं की दार कायमचं बंद. चहात गोळी घालायचा सल्लाही इथे येईल, त्याआधीच सांगतो: नको.

धागाकर्त्याने जे लिहिलंय ते आघातानंतरच्या ताणाचं, म्हणजे पीटीएसडीचं वर्णन वाटतं. निदान मात्र समोर बसूनच होतं. आपल्या मेंदूत धोक्याची घंटा असते, ती तिथे सतत वाजत ठेवावी लागली म्हणून हा माणूस जिवंत परतला. आता ती बंद करायचं बटण सापडत नाही. हंडा पडला तेव्हा त्याने मुलीला मारलं नाही, तिच्यावर ढाल धरली. हे मुलीला कुणीतरी तिच्या भाषेत सांगायला हवं, शक्यतो बापानेच. बोलण्याचे ठरावीक पद्धतीचे उपचार आहेत, औषधं आहेत. वेळ लागतो, पण फरक पडतो.

दोन गोष्टी ठळक. एक, दारू अचानक तोडायला लावू नका. रोज पिणाऱ्याची एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. ती डॉक्टरच्या देखरेखीखालीच उतरवायची. दोन, आजच बोलायचं असेल तर टेलिमानस: १४४१६. चोवीस तास, फुकट, मराठीत. २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे. सैन्यदलांसाठी याचाच एक वेगळा कक्ष पुण्यात एएफएमसीत (सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात) २०२३ च्या डिसेंबरात सुरू झाला. फोन वहिनींनी केला तरी चालतो, रुग्णानेच करावा असं नाही. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा कधीही निघाली तर मात्र थांबू नका, एकटं सोडू नका, सरळ जवळचं मोठं रुग्णालय गाठा.

गावात बोभाट्याचं म्हणाल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गुप्तता हा रुग्णाचा हक्क आहे. कायदा गावच्या पारापर्यंत पोचत नाही हे मलाही माहीत आहे.

---

पावशेर (शुक्रवार, रात्री ११:०२)

थोडं अवांतर. कोट्याचा विषय निघालाच आहे तर गावानेही आरशात बघावं. आमच्या आळीत एक सुभेदार पेन्शन आले. पहिल्या महिन्यात पस्तीस जणांनी चौकशी केली. "तब्येत कशी" विचारणारे दोन, "बाटली कधी" विचारणारे तेहतीस. त्या दोघांतला एक मी, आणि दुसरा प्रश्न माझाही तोच होता.

---

चिंगीची_आई (शनिवार, सकाळी ७:१५)

पावशेर 😀 नावाला जागलात.

मनकवडा, "ढाल धरली" हे वाचून रडले.

---

अटकेपार (शनिवार, सकाळी १०:५०)

मी अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी इस्पितळात (इथे व्हीए म्हणतात) काम करते. व्हिएतनामहून परतलेल्यांनी रेटा लावला म्हणून १९८० साली पीटीएसडी हे निदान इथल्या मानसोपचाराच्या पुस्तकात आलं. त्याच्या आदल्या वर्षापासून गावोगावी 'व्हेट सेंटर' निघाली. ती इस्पितळात नसतात, बाजारात दुकानाच्या गाळ्यासारखी असतात, आणि आत भेटणारा माणूस बऱ्याचदा स्वतःच लढून आलेला असतो. तातडीच्या मदतीसाठी ९८८ लावून १ दाबायचा. इथेही आलबेल नाही, तारखा लांबतात, फॉर्म भरून माणूस थकतो. पण एक पाहिलंय. मी दहा वेळा समजावलं तरी न बोलणारा माणूस बाहेरच्या बाकावर दुसऱ्या सैनिकाशी सिगारेट ओढताना सगळं बोलून जातो.

---

तिरसट_तात्या (शनिवार, सकाळी ११:३०)

आली अमेरिका. मी वाटच बघत होतो.

---

बसऱ्याचा_पणतू (शनिवार, दुपारी ४:१८)

तात्या, हे अमेरिकेहून आलेलं नाही, आपल्याच माजघरातलं आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचे ४६ जण पहिल्या महायुद्धात गेले, त्यांचा स्तंभ आहे गावात. गेलेल्यांचा स्तंभ होतो, परत आलेल्यांचं काय? माझे पणजोबा मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात (आताच्या इराकात) होते, आमच्याकडे "बसऱ्याची लढाई" म्हणतात. कुटच्या वेढ्यात सहावी पुणे डिव्हिजन १४७ दिवस अडकली आणि १९१६ च्या एप्रिलात शरण गेली. पणजोबा कैदेतून परत आले, पुढे तीस वर्षं जगले. घरात गोष्ट एकच सांगतात: जेवताना ताटाखाली अर्धी भाकरी लपवायचे. सुना हसायच्या. आजीने मरेपर्यंत ते "म्हाताऱ्याचा हावरटपणा" म्हणूनच सांगितलं.

---

खडकीकर (शनिवार, संध्याकाळी ६:००)

बसऱ्याचा_पणतू, यावर स्वतंत्र धागा काढाच. वाखुसा (वाचनखूण साठवली).

---

एकटा_जीव (रविवार, सकाळी ९:४०)

मला पुढची काळजी आहे. २०२२ च्या जूनमध्ये अग्निपथ जाहीर झाली. चार वर्षांची नोकरी, जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम, बाकीचे सेवा निधीचे साधारण पावणेबारा लाख घेऊन घरी. पेन्शन नाही आणि ईसीएचएसही नाही. धागाकर्त्याच्या भावाकडे निदान कार्ड तरी आहे. बावीस-तेविसाव्या वर्षी सीमेवरून घरी येणाऱ्या पोराची झोप उडाली तर त्याने कुठलं दार ठोठवायचं?

---

तिरसट_तात्या (रविवार, सकाळी १०:०५)

सिव्हिल हॉस्पिटलचं. जिथे शेतकरी जातो तिथलंच. तेच तर म्हणतोय मी पहिल्यापासून, दार सगळ्यांना एकच ठेवा आणि ते नीट उघडं ठेवा. शेतकऱ्यांसाठी मराठवाडा-विदर्भात प्रेरणा प्रकल्प निघाला तसं गावपातळीवर आशाताई घरी येऊन विचारेल असं काहीतरी. माझा राग फौजींवर नाही हो. माझा थोरला २०१४ साली गेला. शेती करायचा. त्याच्याकडे कुठलंच कार्ड नव्हतं. असो.

---

उंबरठा (रविवार, सकाळी १०:३१)

तात्या.

---

चिंगीची_आई (रविवार, सकाळी १०:४४)

तात्या, माफ करा. आम्ही काहीही बोलून गेलो.

---

तिरसट_तात्या (रविवार, सकाळी ११:००)

माफी वगैरे नको. धागा त्या पोराचा आहे, त्याला उत्तर द्या. बंदुकीचं काय झालं ते विचारा.

---

उंबरठा (रविवार, दुपारी १२:२०)

विचारतेच. आणि अटकेपार यांनी लिहिलेल्या बाकड्याबद्दल: आमच्याकडेही डॉक्टरच्या आधी तेच कामाला आलं. मी सात वर्षं बोलत होते, आणि ह्यांच्या पलटणीतले एक सुभेदार एका संध्याकाळी येऊन म्हणाले, "मी गोळ्या घेतो, दोन वर्षं झाली, तुझं काय?" संपलं. पलटणीचा माणूस शोधा. दादाच्या मोबाइलमध्ये त्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप असणारच. सापडला नाही तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातले कल्याण संघटक तालुक्याला येतात, ते स्वतः माजी सैनिक असतात, त्यांना कोण कुठल्या पलटणीचं ते माहीत असतं.

---

पट्टीबंधू (रविवार, दुपारी १:१५)

उंबरठा ताईंना अनुमोदन. माझी बीपीची चिठ्ठी मागे घेतो. बीपी ठेवतो.

---

धाकटा_माणदेशी (साडेतीन आठवड्यांनंतर, मंगळवार, रात्री १०:१५)

उशिरा लिहितोय, माफ करा. ऊस आणि बाकी गडबड.

बंदुकीचं आधी. त्याच शुक्रवारी गेलो. काही नाटक केलं नाही. रात्री मनकवडा यांचं वाचलं, म्हणून सकाळी सरळ म्हणालो, दादा, ती घरात असली की मला झोप येत नाही. त्याने बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि करगोट्याची किल्ली काढून दिली. "चल, दोघं जाऊन जमा करू." वाटेत एक शब्द बोलला नाही. येताना रसवंतीवर थांबून दोघांना रस घेतला. पाठ भिंतीलाच.

वहिनीने १४४१६ ला दोनदा फोन केला. पहिल्यांदा नुसती रडली. दुसऱ्यांदा त्यांनी पोरीशी काय बोलायचं ते नीट सांगितलं.

मग पलटणीचा माणूस. ग्रुपवरून विट्याकडचा एक नायक सापडला, कुपवाड्याला एकाच चौकीवर होते. त्याला सगळं सांगितलं. तो मोटारसायकलवर आला, गोठ्यात रात्री दीडपर्यंत बसले. काय बोलले मला माहीत नाही, आणि विचारणारही नाही. सकाळी तो म्हणाला, "माझी बीपीची गोळी संपली आहे, पॉलीक्लिनिकला चल सोबत." (पट्टीबंधू, तुमचं बीपी कामी आलं.) तिथे मेडिकल ऑफिसर बाईंनी दोघांनाही झोपेचं विचारलं. मित्राने आधी स्वतःचं सांगितलं. मग दादाने.

रेफरल झाला, मिलिटरी हॉस्पिटलला एक फेरी झाली, गोळ्या सुरू आहेत. पहिले आठ दिवस मळमळ झाली, "बंद करतो" म्हणत होता, मित्राने फोनवर शिव्या घातल्या. दारू डॉक्टरांनी सांगितली तशी कमी करतोय. फटाक्यांचं काय होतंय ते दिवाळीत कळेल.

पोरीशी तो स्वतः बोलला. मी बाहेर होतो, एवढंच ऐकू आलं: "हंडा होता गं, मला दुसरंच वाटलं." ती म्हणाली, "मला माहितीय."

आणि डॉक्टरांनी त्याला रात्री किती वेळा उठतो ते वहीत लिहायला सांगितलंय. त्याने रीतसर गार्ड ड्युटीचं रजिस्टर आखलंय, पट्टीने. वेळ, जागा, शेरा. "००४० – गेट – सब ठीक." "०२१० – गोठा – सब ठीक." पहिल्या दिवशी सात नोंदी होत्या. काल चार. त्यातल्या शेवटच्या नोंदीपुढे सब ठीक नव्हतं. लिहिलं होतं, "०३५० – गोठा – म्हैस जागी. बसलो जरा."

---

तिरसट_तात्या (मंगळवार, रात्री १०:२२)

किती लिटर देते?